गळालेल्या फांद्यांचा हिशेब

आमच्या घरी आजोबांनी लिहिलेला एक शजरा आहे. शजरा म्हणजे वंशवृक्ष. त्यात आजोबांच्या थोरल्या चुलत्यांचं नाव नाही. ते लग्नाआधीच वारले. वंश पुढे गेला नाही, म्हणून फांदीही काढली नाही. लहानपणी मी दादीला विचारलं, तर ती म्हणाली, "बेटा, झाडावरची पानं दिसतात. गळालेली कोण मोजतं?"

सजीवांच्या वंशवृक्षाविषयी वाचताना मला दादी आठवली. मी बी.ए. झालेला कवी, शास्त्रज्ञ नव्हे. पण ही अडचण मला चटकन समजली.

डार्विनने १८३७ मध्ये आपल्या वहीत असं एक झाड रेखाटलं होतं. आज ते काम संगणक करतो. जिवंत जातींच्या डीएनएमधले फरक पाहून 'बीस्ट'सारखं सॉफ्टवेअर कोणती फांदी साधारण केव्हा फुटली, याचा अंदाज बांधतं. 'बॅम' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर झाडाच्या कोणत्या भागात नव्या जाती झपाट्याने निर्माण झाल्या आणि कुठे वेग मंदावला, ते शोधतं.

मात्र आज दिसणाऱ्या जाती म्हणजे जन्मांतून मृत्यू वजा करून उरलेली शिल्लक. नुसत्या शिल्लकीवरून जमा किती आणि खर्च किती, हे कसं सांगणार? लूका आणि पेनेल या संशोधकांनी २०२० मध्ये गणिताने दाखवून दिलं, की जिवंत जातींच्या एकाच झाडाला असंख्य वेगवेगळे इतिहास सारखेच लागू पडू शकतात. संगणक उत्तर देतो. पण तेच एकमेव उत्तर असेल असं नाही.

देवमाशांचं पाहा. डॉल्फिन धरून आज त्यांच्या सुमारे ९० जाती आहेत. जीवाश्म मात्र सांगतात, की काही कोटी वर्षांच्या त्यांच्या इतिहासात कितीतरी कुळं येऊन नाहीशी झाली. म्हणून 'पायरेट'सारखं सॉफ्टवेअर थेट जीवाश्मांच्या नोंदींवरून जातींच्या जन्ममृत्यूचा वेग काढतं. गेलेल्यांची साक्ष दगडच देतात.

परवा मी आमच्या शजऱ्यात एक रेघ वाढवली. चुलत-पणजोबांचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. रेघेच्या टोकाशी जागा कोरी ठेवली आहे. इथे कुणीतरी होतं, एवढी नोंद तरी राहील.