गोल्फचा पेशा आणि पोटाचा प्रश्न

गोल्फ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एखादा साहेब. पायांत खास बूट, डोक्यावर टोपी, मागे काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेतलेला पोऱ्या, आणि दोघांच्या सभोवार नजर पोहोचेल तिथवर हिरवेगार गवत. ही समजूत निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. कलकत्त्यास १८२९ साली इंग्रजांनी गोल्फ क्लब काढला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. पुढे इंग्रज गेले, पण खेळ राहिला आणि तो बव्हंशी लष्करी छावण्या, मोठ्या कंपन्यांचे अधिकारी आणि क्लबांचे सभासद यांच्यापुरताच राहिला. मात्र याच गवतावर, या साहेबाच्या शेजारी, आणखी एक माणूस वावरत असतो. तो फावला वेळ घालवायला आलेला नसतो. त्या दिवशी त्याचा चेंडू कुठे पडतो यावर त्याचे घरभाडे अवलंबून असते. त्याला व्यवसायी गोल्फपटू म्हणतात. आमचा आजचा विषय तोच आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. गोट्या खेळताना गलीत गोटी घालण्याचा आनंद आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घेतलेला आहे. गोल्फचे मूळ सूत्र तेच. फरक एवढाच की इथली गल चार-पाचशे पावलांवर असते आणि तिची रुंदी सव्वाचार इंच असते. अशा अठरा गली क्रमाने घ्यायच्या. त्या सर्व मिळून उत्तम खेळाडूला किती फटके लागावेत याचा एक आकडा मैदानागणिक ठरलेला असतो. त्याला पार म्हणतात आणि तो बहुधा ७१ किंवा ७२ असतो. पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. लांबचा फटका, वाळूतला फटका, गवतावरून चेंडू हळूच लोटणे, अशा एकेका कामाला एकेक काठी. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला. क्रिकेटमध्ये धावांची कमाई करायची असते, इथे फटक्यांची काटकसर. प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची वा पाडण्याची सोय नाही. आपल्यासमोर असतो तो चेंडू, वारा आणि कालच्या चुकीची आठवण.

हौशी आणि व्यवसायी हा भेद या खेळात फार कडक पाळला जातो. हौशी खेळाडूने स्पर्धा जिंकली तरी बक्षिसाच्या मोठ्या रकमेला त्याला हात लावता येत नाही. १९६५ साली पी. जी. सेठी यांनी भारतीय खुली स्पर्धा जिंकली तेव्हा ते हौशी होते. विजेतेपद त्यांचे झाले, विजेत्याची रक्कम त्यांना घेता येत नव्हती. ती स्पर्धा एखाद्या भारतीय व्यवसायी खेळाडूने जिंकण्यास १९९१ साल उजाडावे लागले. मधली सव्वीस वर्षे हौशी माणूस जे करून गेला ते पेशेवाल्याला जमले नाही, याचे कारण पेशा म्हणजे काय हे पाहिले की उलगडते.

आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो. पोराटोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर सुटतात, आणि दिवस कलताना इनामाची मोठी कुस्ती लागते. जो चीत करील त्याचे इनाम. पण खुराक, तालमीचा खर्च, गाडीभाडे हे सारे पैलवानाने आधीच केलेले असते आणि हरला तर ते त्याच्याच अंगावर पडते. व्यवसायी गोल्फपटूचे जीवन म्हणजे आठवड्यागणिक भरणारा असा फड होय. त्याला मासिक पगार नाही. संघ नाही, त्यामुळे राखीव गडी म्हणून बसून मानधन घेण्याचीही सोय नाही. मोठी स्पर्धा बहुधा गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. चार दिवस, रोज अठरा गली, रोज आठ-दहा किलोमीटर चाल. शे-दीडशे खेळाडू उतरतात. दोन दिवसांचा खेळ झाला की छाटणी होते. तिला सर्वत्र कट असेच म्हणतात. वरचे पन्नास-साठ खेळाडू पुढे जातात आणि उरलेले शुक्रवारी संध्याकाळी पिशवी आवरून रिकाम्या हाताने स्टेशनची वाट धरतात. प्रवास, राहणे-जेवण, प्रवेशशुल्क आणि काठ्या वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, हे सगळे त्यांच्या गाठीचे गेलेले असते.

कटाच्या आत राहिलेल्यांचीही चैन असते असे नाही. भारतीय व्यवसायी गोल्फच्या वार्षिक मालिकेत एक कोटी रुपयांची स्पर्धा असली तर पहिल्याला त्यातले साधारण १५ लाख मिळतात. तिथून उतरंड अशी वेगाने खाली येते की पन्नासाव्याच्या वाट्याला लाखाचा एक लहानसा अंशच येतो. म्हणजे मूठभरांनी भरपेट जेवावे आणि बाकीच्यांनी ताट पाहून घ्यावे. शिवाय वर्षअखेर कमाईच्या यादीत ठराविक क्रमांकाच्या आत नाव नसेल तर पुढील वर्षी खेळण्याचा हक्कच जातो, आणि तो मिळवण्यासाठी पुन्हा पात्रता-स्पर्धेच्या दारात उभे राहावे लागते. दहा वर्षे पेशात घालवलेल्या माणसाला काल मिसरूड फुटलेल्या पोरांच्या रांगेत उभे राहताना काय वाटत असेल, याची कल्पना नोकरीपेशातल्या माणसाने करून पाहावी.

आणि हे सारे ठरते किती अंतराने? लष्करी डॉक्टरांचा मुलगा असलेला, पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२ साली अमेरिकेतील प्लेयर्स चॅम्पियनशिप स्पर्धेत दुसरा आला. चार दिवसांत विजेत्याला २७५ फटके लागले, लाहिरीला २७६. विजेत्याला ३६ लाख डॉलर मिळाले, लाहिरीला २१ लाख ८० हजार. ती रक्कम तेव्हाच्या भावाने सोळा कोटी रुपयांच्या वर जाते, तेव्हा त्याची कीव करण्याचे कारण नाही. पण एका फटक्याची किंमत चौदा लाख डॉलर होऊ शकते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने हात न थरथरता तीन हात अंतरावरचा चेंडू गलीत लोटायचा असतो. त्याच्या आदल्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिचे फटके होते २६९, आणि ज्या दोघींत रौप्य व कांस्य वाटले गेले त्यांचे प्रत्येकी २६८. आपल्या देशात त्या शनिवारी सकाळी कितीतरी लोकांनी आयुष्यात प्रथमच गोल्फ पाहिला, आणि तो शेवटच्या गलीपर्यंत श्वास रोखून पाहिला.

त्याच टोकियोत एक मराठी नाव होते. पुण्याचा उदयन माने. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तो हौशी म्हणून खेळला, मग त्याने पेशा पत्करला आणि भारतीय मालिकेत अनेक विजेतेपदे मिळवली. ऑलिंपिकला पुरुषांचे साठच खेळाडू घेतात. माने त्या यादीच्या बाहेर होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली, आणि काही आठवडे उरले असताना मानेला बोलावणे आले. २९ जुलै २०२१ रोजी पहिल्या दिवशी त्याला ७६ फटके लागले. पार ७१ असलेल्या मैदानावर हा आकडा बोचणारा. नेहमीच्या स्पर्धेत एवढ्यावरच कटाची टांगती तलवार दिसू लागते. पण ऑलिंपिकमध्ये कट नसतो आणि बक्षिसाचा पैसाही नसतो. तिथे पेशेवाला चार दिवस खेळतो ते देशाच्या नावासाठी. माने दुसऱ्या दिवशी ६९ वर आला आणि अखेरीस ५६वा राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला दोन ओळींत संपवले. आम्हाला मात्र ती दुसऱ्या दिवसाची ६९ फार मोलाची वाटते. पहिल्या दिवशी सर्वांदेखत विस्कटलेली घडी रात्रीतून बसवून पुन्हा उभे राहायचे, हाच या पेशाचा खरा अभ्यासक्रम आहे.

आता या पेशात येते कोण? लाहिरीसारखी मुले वडिलांचे बोट धरून मैदानावर येतात. दुसरी वाट मात्र पिशवीखालून जाते. १९९१ साली भारतीय खुली स्पर्धा जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी होता, आणि ते यश अपघाताने आले नव्हते हे त्याने १९९३ साली पुन्हा जिंकून दाखवले. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबात गवताची निगा राखणारे माळी होते. मुलाला गुरू नव्हता. सभासदांचे पाहून तो शिकला. भारतीय खुल्या स्पर्धेत तो चार वेळा दुसरा आला. त्यातल्या २०१५ सालच्या वेळी दोघांचे फटके समान झाल्याने जादा खेळात तो लाहिरीकडून हरला. मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने ती जिंकली. माळ्याचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा एका गलीपाशी समोरासमोर उभे ठाकतात, आणि चेंडूला कुणाचे घराणे ठाऊक नसते. ही या खेळाची जमेची बाजू.

खर्चाची बाजू पाहायची तर दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. डरबनचे पापवा सेवगोलम हिंदी वंशाचे, कॅडीचे काम करून वाढलेले. काठी धरण्याची त्यांची रीतच उलटी होती. उजव्या हाताखाली डावा. पुस्तकात न बसणाऱ्या त्या पकडीने त्यांनी १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली त्यांनी आपल्याच डरबन शहरात नाताळची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्याने त्यांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याने करंडक बाहेर पावसात उभे राहून स्वीकारला. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. दोन वर्षांनी त्यांनी तीच स्पर्धा गॅरी प्लेयरसारख्या जगज्जेत्याला मागे टाकून पुन्हा जिंकली, आणि त्यानंतर सरकारने त्यांना स्पर्धांतून खेळण्याचीच बंदी केली. ज्याचे पोट खेळावर, त्याचा खेळ बंद करणे म्हणजे काय हे सांगायला नको. १९७८ साली ते वारले.

हे सारे धाराशिवात बसून ऐकणाऱ्याच्या मनात एक रास्त प्रश्न येईल: आपला याच्याशी संबंध काय? अठरा गलींच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते आणि ते गवत उन्हाळाभर हिरवे ठेवायला पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने त्या पाण्याचा हट्ट धरावा असे आम्ही सुचवणार नाही. आपल्या मातीतला खेळ खो-खो आहे. इथल्या सारिका काळे यांनी कर्णधार म्हणून २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्या वेळी त्यांचा चरितार्थ खेळाच्या बक्षिसावर नव्हता. त्या तुळजापुरात सरकारी क्रीडा अधिकारी होत्या. आपल्याकडे खेळाडूच्या पोटाचा प्रश्न आपण असा नोकरीने सोडवतो. त्यात सुरक्षितता आहे, परंतु नोकरी मिळेपर्यंतची वर्षे कुणी कशी काढावीत हे त्यात सांगितलेले नाही. गोल्फवाल्यांपाशी नोकरीची हमी नाही, पण कमाईचा हिशेब उघड आहे. कोणता आकडा गाठला की किती मिळेल, हे शेवटच्या कॅडीच्या पोरालाही ठाऊक असते. दोन्हींत उणे आहे, आणि कोणते उणे सोसवेल हे घराघरावर अवलंबून राहील.

त्या कॅडीच्या पोराचे मात्र एक सांगण्याजोगे आहे. आपल्याकडच्या बऱ्याच क्लबांत सोमवारी सभासदांना मैदान बंद असते, डागडुजीसाठी. त्या दिवशी कॅडींना खेळू देण्याची चाल आहे. सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्या आणि झुडपांतून वेचलेले चेंडू घेऊन ही मुले उजाडताच येतात, आणि सहा दिवस खांद्यावर वाहिलेला खेळ सातव्या दिवशी हातात घेतात.