कॅल्क्युलेटर बरोबर होता, हिशोब माझा चुकला



ह्या वेळचा विषय साधा कॅल्क्युलेटर आहे म्हटल्यावर एक मित्र हसला. म्हणाला, "आता काय पाढे पण शिकवणार काय?" हसू दे. मी बीबीए केलंय, गारगोटीत स्वतःचं दुकान चालवतोय, आणि तरीही ह्याच साध्या कॅल्क्युलेटरवर बसून एका सीझनमध्ये तोटा करून घेतलाय. तो आधी सांगतो.

जूनमध्ये शाळा सुरू होताना मी कोल्हापुरातून ४० दप्तरं आणली. एक दप्तर सगळं धरून ५०० रुपयांना पडलं. मला २० टक्के सुटायला हवे होते. म्हणून ५०० × १.२० केलं, ६०० आले, तीच किंमत लावली. चार दिवस माल हलेना. मग बाहेर बोर्ड लावला, '२० टक्के सूट'. डोक्यात हिशोब असा की २० चढवलेत, २० उतरवले, म्हणजे आपल्याला काही नाही पण गिऱ्हाईक तरी जोडलं जाईल. आठवड्यात सगळी दप्तरं संपली. गल्ला भरलेला बघून मी खूश!

व्यापाऱ्याची उधारी द्यायला बसलो तेव्हा पैसे कमी पडले. ६०० चे २० टक्के म्हणजे १२०. दप्तर ४८० ला गेलं. प्रत्येक दप्तरामागे २० रुपये, ४० दप्तरांचे ८०० रुपये खिशातून गेले, टेम्पोचं भाडं वेगळंच. कॅल्क्युलेटरनं प्रत्येक वेळी बरोबरच उत्तर दिलं होतं. मी चढवताना टक्के ५०० वर काढले आणि उतरवताना ते ६०० वर निघाले, एवढं माझ्या लक्षात आलं नाही.

म्हणून टक्क्याचं बटण दाबायच्या आधी एकच प्रश्न विचारा, हे टक्के कशावर? खरेदीवर की विक्रीवर? विक्रीच्या किमतीतले २० टक्के आपले राहायला हवे असतील तर गुणायचं नाही, भागायचं. ५०० ÷ ०.८० = ६२५. ताळा करून बघा, ६२५ चे २० टक्के १२५ होतात, ते काढले की ५०० उरतात. आणि सूटही २० टक्के द्यायची आहे, वर नफाही २० टक्के हवा आहे? मग परत एकदा भागा. ६२५ ÷ ०.८० = ७८१.२५. ही किंमत बघून वाटतं की गिऱ्हाईक पळून जाईल. वाटू दे. मग सूट कमी करा, पण ती आकडा बघून करा. पाकिटावर एमआरपी छापली असेल तर तिच्या वर जाता येत नाही, तिथं हा खेळ खरेदीतच जिंकावा लागतो.

आता बिलाकडे या. १२ वह्या ४५ रुपयांच्या आणि ५ पेन १० रुपयांचे. ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडून सरळ १२ × ४५ + ५ × १० टाइप केलं. बरोबर उत्तर ५९०. पण काही कॅल्क्युलेटर ५४५० दाखवतील! कारण साधा कॅल्क्युलेटर जसं बटण दाबाल तसं करत जातो. आधी ५४०, त्यात ५ मिळवले की ५४५, आणि त्या सगळ्याला १० ने गुणलं. शाळेतलं 'कंचेभागुबेव' त्याला माहीतच नसतं. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे एकाच ठिकाणी दिसतं: 'स्टँडर्ड'वर २ + ३ × ४ केलं तर २० येतात, 'सायंटिफिक'वर १४. आपला कॅल्क्युलेटर कुठल्या जातीचा आहे हे बघायला एवढं एक गणित पुरे.

दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे मेमरीची बटणं. १२ × ४५, मग बरोबरचं चिन्ह, मग 'एम प्लस'. ५ × १०, बरोबर, 'एम प्लस'. शेवटी 'एमआर' दाबलं की ५९०. फक्त नवीन गिऱ्हाईक आलं की आधी 'एमसी' दाबून मेमरी रिकामी करा. नाहीतर आधीच्या माणसाचं बिल पुढच्याच्या डोक्यावर बसतं, आणि गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते.

टक्क्याच्या बटणाचीही अशीच परीक्षा घ्या. १०० + १० % करून बघा. कुठं ११० येईल, कुठं १००.१. दुसरं उत्तर आलं तर त्या बटणाच्या नादाला लागू नका, १.१० ने गुणा.

जीएसटीमध्ये ही चूक मी खूप जणांची बघतो. वस्तू जीएसटी धरून ११८० ला आहे, दर १८ टक्के, मूळ किंमत किती? बरेच जण ११८० मधून १८ टक्के वजा करतात आणि ९६७.६० काढतात. चूक! कर १००० वर लागलाय, ११८० वर नाही. ११८० ÷ १.१८ = १०००. एका वस्तूमागे ३२ रुपये ४० पैशांचा फरक, वर्षभराच्या बिलांवर तो किती होईल ते तुम्हीच करा. दर ५ टक्के असेल तर १.०५ ने भागायचं. आणि दर कुठला हे आधी बघा हं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदललेत. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर आता जीएसटी नाही. जुना दर पाठ असलेला माणूस कॅल्क्युलेटरवर बरोबर गणित करूनही चुकीचं बिल देतो.

सुट्या मालाचं थोडक्यात. ३५० ग्रॅम, किलोचा दर २२०. ०.३५ × २२० = ७७. घाईत ०.०३५ टाइप झालं तर ७ रुपये ७० पैसे येतील, आणि गर्दीत आपण ते सांगूनही टाकतो. आमचे बाबा अशा वेळी कॅल्क्युलेटरकडे बघायचेच नाहीत. त्यांच्या पिढीनं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ केलेली. पाव किलो म्हटलं की २२० चा पाव ५५, तोंडावर. मला ते सगळं येत नाही, पण अंदाजापुरतं वापरतो. ३५० ग्रॅम पाव किलोपेक्षा जास्त, अर्ध्या किलोपेक्षा कमी, म्हणजे उत्तर ५५ आणि ११० च्या मध्येच पाहिजे. स्क्रीनवर ७.७० दिसलं की हात आपोआप थांबतो.

मोठ्या रकमेला स्वल्पविराम बघा. बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर सव्वा लाख १२५,००० असे दाखवतात, आपण लिहितो १,२५,०००. कर्जाच्या अर्जावर आकडा उतरवताना शून्यं बोटानं मोजा, लाज वाटू देऊ नका.

आज दुकान बंद केल्यावर एक काम करा. जास्त खपणाऱ्या पाच वस्तू घ्या. प्रत्येकीची विक्री किंमत उणे खरेदी, भागिले विक्री किंमत, गुणिले १००. माझ्या त्या दप्तराचं हे उत्तर सूट नसताना १६.६७ येतं, २० नाही. तुमच्या पाच वस्तूंचं काय येतंय ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांत दुकानभाडं आणि लाइटबिल घालणार आहोत.