अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शुश्रूषा

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असा एक समज आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वैद्यकशास्त्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या अंगी बळ घालीत असतो. म्हणून आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. ज्या बाळाला उपचारांचा लाभ सर्वांत चांगला व्हावयाचा, त्याचीच आशा या समजापायी सोडली जाण्याचे भय असते. तो मनातून काढून टाकणे यासाठी अगत्याचे आहे.

पूर्ण दिवसांचा गर्भ सुमारे चाळीस आठवड्यांचा. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बालके जन्मास आली, म्हणजे दर दहा जन्मांमागे एक. त्यांतील फार लहान आणि आजारी बालकांना नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. तेथे डॉक्टर उपचार ठरवितात. परंतु रात्रंदिवस बाळाच्या उशाशी असते ती परिचारिका.

तिचे पहिले काम ऊब राखण्याचे. अशा बाळाच्या त्वचेखाली चरबी नसते, थंडीने कापरे भरून अंग तापविण्याची शक्तीही नसते, आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो. ओल्या अंगाची, उघड्या डोक्याची काही मिनिटेसुद्धा त्याला महाग पडतात. पॅरिस येथील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निये यांनी १८८० च्या सुमारास कोंबडीची अंडी उबविण्याच्या पेटीवरून कल्पना घेऊन बाळांसाठी उबदार पेटी करविली, आणि तेथील लहान बालकांचे मृत्यू पुष्कळ घटले. आजची काचपेटी त्याच विचाराची वंशज होय. पेटीचे झाकण विनाकारण उघडू नये, म्हणून कुशल परिचारिका चार कामे एकाच वेळी उरकून घेते. त्यामुळे बाळाची झोपही मोडत नाही.

दुसरी चिंता श्वासाची. फुप्फुसातील इवले वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत, म्हणून त्यांच्या आतून एका स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो. दिवस अपुरे असले की तो पुरेसा तयार झालेला नसतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने दोन दिवसांच्या आत दगावला. राष्ट्राध्यक्षाच्या घरीही त्या वेळी उपाय नव्हता. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी बाहेरून दिलेल्या अशा द्रव्याचे यश प्रसिद्ध केले. आज ते नळीवाटे फुप्फुसात सोडता येते.

प्राणवायू जीवनदायी खरा, पण येथे अतिरेकही घातक ठरतो. १९४० नंतरच्या दशकात पेट्यांतून मुक्तहस्ते प्राणवायू दिला गेला आणि जगातील हजारो बालके आंधळी झाली. त्याचे कारण १९५० नंतरच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. म्हणून प्राणवायू चालू असता रक्तातील त्याचे प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के राहील याकडे परिचारिका डोळ्यांत तेल घालून पाहते. घरी गेल्यावरही जन्मापासून महिन्याच्या आत सांगितलेली नेत्रपरीक्षा आईबापांनी चुकवू नये.

कधी बाळ श्वास घ्यावयाचेच विसरते. वीस सेकंद किंवा अधिक श्वास थांबला की यंत्र घंटा वाजविते. पण यंत्र बाळाला जागे करीत नाही. परिचारिकेचे बोट तळव्यावरून किंवा पाठीवरून हलकेच फिरते आणि पुष्कळदा श्वास पुन्हा सुरू होतो.

आहाराचे कामही असेच नाजूक आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीने, पुढे वाटीचमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे लागते. आईचे दूध हेच उत्तम. त्याने आतड्यांचा प्राणघातक दाह आणि जंतुसंसर्ग यांचा धोका कमी होतो. पहिला चीक टाकून देणे ही मोठीच चूक होय. आईला दूध कमी असेल, तर दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध उपयोगी पडते. यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली दुग्धपेढी उघडण्यात आली.

जंतूंपासून रक्षण करणारे सर्वांत मोठे साधन मात्र साबण आणि पाणी हेच. बाळाला स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात धुणे हा येथील पहिला नियम आहे, आणि तो आजी-आजोबांनाही लागू आहे.

कोलंबियातील बोगोटा शहरी १९७८ च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव मिळाले. गरजेपोटी निघालेला हा उपाय गुणांनीही श्रेष्ठ ठरला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे छातीशी धरले, तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. आईला बाळापासून दूर ठेवण्याची जुनी शिस्त त्यामुळे मागे पडत आहे. आता आईला बसविणे, धीर देणे, बाळ कसे धरावे हे शिकविणे हाही शुश्रूषेचाच भाग झाला आहे. आई थकली असेल तर वडीलही बाळाला छातीशी धरू शकतात.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: दिवस भरण्यापूर्वी कळा सुरू झाल्या, तर नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. बाळ आधीच जन्मले, तर त्याला आंघोळ घालू नये, कोरडे करून टोपडे घालावे आणि आईच्या छातीशी धरून न्यावे. मध, गुटी, पाणी यांतील काहीही देऊ नये. घरून रुग्णालयापर्यंतच्या त्या वाटेवर शुश्रूषेचा भार घरच्यांवरच असतो.