ऑइल बदलायचे ते मेअखेर, जुलैअखेर नव्हे

मे महिना सरत आला की मुंबईच्या ससून गोदीपासून थेट मालवणपर्यंतच्या बंदरांत एकच लगबग सुरू होते. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. त्यामुळे जाळी उतरवायची, बर्फाचे खण धुवायचे, खलाशांचे हिशेब मिटवायचे आणि नौका किनाऱ्यावर ओढून शाकारायची, ही सारी कामे चार-आठ दिवसांत उरकावी लागतात. या घाईत एक काम हमखास मागे पडते. इंजिनातले आणि गिअर बॉक्समधले ऑइल ‘नव्या हंगामाच्या तोंडावर बदलू’ असे म्हणून जुलैअखेरपर्यंत ढकलले जाते. नवे कोरे ऑइल दोन महिने नुसते पडून कशाला ठेवायचे, असा त्यामागचा हिशेब. वरकरणी तो बिनतोड वाटतो. जुन्या इंजिनाला मात्र खरी इजा याच दोन महिन्यांत, ते बंद असतानाच होते.

शहरातल्या वाचकाला हे इंजिन पाहायचे असेल, तर एलिफंटाच्या लाँचमधील धडधडणाऱ्या फळ्या आठवाव्यात. लहान होडीच्या मागे टांगलेले इंजिन उचलून घरी नेता येते. मोठ्या नौकेचे इंजिन तळाशी, आतच बसवलेले असते. त्याच्यामागे गिअर बॉक्स, त्यातून निघणारा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यातला पंखा, अशी ही मांडणी. कोकणच्या नौकांवर अशोक लेलँडसारख्या कंपन्यांची, मूळ ट्रकच्या घराण्यातली इंजिने वर्षानुवर्षे चालत आली आहेत. साहजिकच ट्रकच्या दुरुस्तीत हात बसलेला मेकॅनिक नौकेवरही सहज काम करतो. दर्यावर काही गोष्टी बदलतात, हे मात्र त्याच्या ध्यानी राहतेच असे नाही.

इंजिनातील ऑइल केवळ वंगण नसते. ज्वलनातून सुटणारी काजळी, पाण्याचा अंश आणि आम्ले ते स्वतःत सामावून घेते. त्यातील रासायनिक द्रव्ये ही आम्ले मारत राहतात आणि हळूहळू स्वतः संपत जातात. हंगामाच्या अखेरीस ही ताकद बरीचशी खर्ची पडलेली असते. इंजिन रोज तापत असते तोवर पाण्याचा अंश उडून जातो. ते थंड पडले की काजळी तळाशी बसते, पाणी वेगळे होते आणि आम्लयुक्त थर बेअरिंगच्या मऊ धातूवर दोन महिने ठिय्या देऊन राहतो. पूर्वी डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण मोठे होते आणि त्यापासून बनणारे आम्ल हा मुख्य शत्रू होता. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ दर्जाचे डिझेल आले आणि गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर उतरले. त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला, हे मान्य करायला हवे. पण काजळी, पाणी आणि ऑइल जुने झाल्याने त्यातच तयार होणारी आम्ले कुठे जात नाहीत, आणि कोकणातील पावसाळी खारी हवा त्यांना साथच देते.

मेमध्येच ऑइल बदलण्याचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. ऑइल काढायचे ते गरम असतानाच. थंड ऑइल काढले तर काजळी खाली राहते आणि नव्या ऑइलमध्ये मिसळते. म्हणून इंजिन आधी १५-२० मिनिटे चालवावे लागते. वाळूवर ओढलेल्या नौकेत हे जमत नाही. ज्या इंजिनात थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी पंपाने आत खेचले जाते, त्यांच्या पंपातील रबरी इंपेलर कोरडा फिरला की पाहता पाहता जळून फाटतो. शिवाय किनाऱ्यावर नौका एका कुशीवर कललेली असते, त्यामुळे डिपस्टिकवरची पातळी खोटी दिसते. थोडक्यात, हे काम नौका तरंगत असताना, सरळ उभी असताना करायचे आहे. आणि ती संधी मेअखेरनंतर थेट ऑगस्टच्या उंबरठ्यावरच मिळते.

पातळीचा प्रश्न इथेच संपत नाही. पंख्याचा दांडा मागे उतरता असल्याने नौकेतील इंजिनही मागच्या बाजूला किंचित झुकलेले असते. ट्रकच्या सपाट चेसिससाठी आखलेली डिपस्टिकवरची खूण अशा वेळी फसवी ठरू शकते. इंजिन बसवताना ही खूण तपासली नसेल तर एकदा चेंबर पूर्ण रिकामा करून, पुस्तिकेत दिलेले माप मोजून ओतावे आणि डिपस्टिकवर नवी खूण करून घ्यावी. दहा-पंधरा वर्षांत हे न केलेल्या नौका थोड्या नसाव्यात.

ट्रकखाली आडवे होऊन चेंबरचा बोल्ट काढला की काम झाले. नौकेत चेंबरखाली चार बोटे जागा असते आणि त्याखाली नौकेचा तळ. तेव्हा डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी सोडून हातपंपाने ऑइल उपसावे लागते. काम चिकाटीचे आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनात साधारण १५ ते २० लिटर ऑइल असते. फिल्टर काढताना त्याला खालून प्लास्टिकची पिशवी बांधावी, म्हणजे सांडणारे ऑइल तळातल्या पाण्यात जात नाही. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. तिच्यावरच नवा फिल्टर चढला तर इंजिन सुरू होताच सारे ऑइल बाहेर उडते. नव्या कडीला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा.

जुने ऑइल काळे आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात ते काळे होणारच. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर मात्र पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर, यांपैकी एकात तरी दोष असण्याची शक्यता मोठी. ऑइलची पातळी उतरली की सगळेच सावध होतात. ती वापराबरोबर वाढत चालली असेल, तर तो अधिक वाईट संकेत असतो. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर गळकी नोझल किंवा डिझेल पंपाचा फाटका पडदा शोधावा. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि भर समुद्रात बेअरिंग धरते. ऑगस्टच्या उसळत्या पाण्यात इंजिन बंद पडलेली नौका लाटांना आडवी होते, आणि वारा तिला खडकाळ किनाऱ्याकडे लोटू लागला की तांडेलाच्या हाती नांगराखेरीज फारसे काही उरत नाही.

गिअर बॉक्सच्या वाट्याला याहून अधिक दुर्लक्ष येते. ‘चालतोय ना, मग हात लावू नका’ हा सल्ला बंदरोबंदरी ऐकू येतो. ऑइल बदलल्यावर जुना गिअर बॉक्स घसरू लागला, अशा कहाण्याही सांगितल्या जातात. अशा बहुतेक प्रसंगी क्लच प्लेट आधीच झिजलेल्या असतात. नव्या ऑइलने तो दोष उघडा पडतो, इतकेच. खरी चूक बहुधा वेगळीच असते. काही गिअर बॉक्सना साधे इंजिन ऑइल लागते, तर काहींना मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरसाठीचे लाल, पातळ तेल. एकात दुसरे ओतले किंवा दोन्ही मिसळली की प्लेट नीट धरत नाहीत. नाव गिअर बॉक्सचे आहे म्हणून दुकानात मिळणारे ट्रकचे जाड गिअर ऑइल ओतणे, ही तर नेहमीची गफलत. नौका दोन-तीन मालकांच्या हातांतून आली असेल तर ऐकीव माहितीवर न जाता बॉक्सवरची पट्टी वाचून कंपनीची पुस्तिका मिळवावी.

काढलेल्या गिअर ऑइलला करपट वास येत असेल तर प्लेट जळाल्या आहेत. ते दुधाळ असेल तर त्याच्या छोट्या कूलरची नळी खाऱ्या पाण्याने कुरतडली आहे. या बिघाडाची गंमत अशी, की इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याहून जास्त असल्याने ऑइल बाहेर जाते आणि पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो; इंजिन थांबले की पाणी उलट आत झिरपते. तवंग दिसूनही कूलर न तपासणाऱ्याचा गिअर बॉक्स बंदीच्या काळात आतून गंजत राहतो.

उपसलेल्या ऑइलचे काय करायचे? ते तळातल्या पाण्यात सोडून पंपाने बाहेर टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. ज्या बंदरात मासळी उतरते त्याच पाण्यावर हा थर पसरतो. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. एकेका नौकेला ते अवघड आहे, पण मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपाजवळ एक झाकणबंद पिंप ठेवले तर साऱ्या बंदराचे ऑइल एकत्र विकता येईल.

नवे ऑइल भरल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचते. मागेपुढे गिअर टाकून पाहावेत आणि इंजिन थांबवून पातळी पुन्हा तपासावी. मगच नौका ओढावी. धुराड्याचे आणि हवेच्या नळीचे तोंड ऑइलात भिजवलेल्या फडक्याने बंद करावे आणि ‘फडके काढणे’ अशी चिठ्ठी स्टार्टरच्या चावीलाच बांधावी. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरली की डिझेल बंद ठेवून इंजिन आधी स्टार्टरवर थोडा थोडा वेळ फिरवावे. दाबाचा काटा हलला की डिझेल सोडावे.