संत्र्याचे कलम आणि अमर कप्तान

'क्लोन' हा शब्द उच्चारला की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या पेटीत तरंगणारा माणूस उभा राहतो. शब्दाचे मूळ मात्र बागेत आहे. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतला 'डहाळी' या अर्थाचा शब्द उचलला आणि कलम, डोळा, कंद यांपासून वाढवलेल्या झाडांच्या सबंध गोतावळ्याला तो लावून दिला. हे वेबरसाहेब संत्रे-लिंबाच्या वर्गाचे मोठे जाणकार होते, ही गोष्ट नागपूरकरांनी तरी ध्यानात ठेवावी.

कारण बेसा येथून काटोल किंवा नरखेडच्या बाजूला गेलात आणि तेथे एखादी संत्र्याची बाग पाहिलीत, तर वेबरच्या अर्थाने ती क्लोनांचीच वस्ती असते. रोपवाटिकेत जंबेरीचे बी पेरतात. रोप पेन्सिलीइतके जाड झाले की त्याच्या सालीला छेद देऊन चांगल्या मातृवृक्षाचा एक डोळा त्यात बसवतात व बांधतात. खुंट जंबेरीचा, वरचे झाड संत्र्याचे. त्या एका मातृवृक्षाचे डोळे शंभर खुंटांवर चढवले, तर शंभर देह एकाच देहाचे होतात. मूळ झाड वठून गेले तरी त्याचा देह शेताशेतांतून उभाच असतो. अमरत्व म्हणतात ते हेच असेल, तर ते आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या बाजारात विकले जात आहे.

परंतु या अमरत्वाची एक खोड आहे. मातृवृक्षाला विषाणूची बाधा झालेली असेल, तर ती डोळ्याबरोबर नव्या झाडात येते. डोळा वयही बरोबर आणतो. प्रौढ झाडाचा डोळा खुंटावर बसूनही प्रौढच राहतो, म्हणून कलमी झाड लवकर फळते. उलट जंबेरीच्या बीची गंमत पाहा. एका बीतून कधी दोन, कधी तीन अंकुर निघतात, आणि त्यांतले बहुतेक केवळ आईच्या पेशींतून झालेले असतात. तीही आईची प्रतिकृतीच, पण तिचे बालपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अंगावर काटे येतात, फळायला वर्षे लागतात आणि आईला जडलेले बहुतेक विषाणू तिच्यात उतरत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त रोपे करण्यासाठी शेंड्याचा मिलिमीटरच्या अंशाएवढा कोंब काढून कोवळ्या रोपावर बसवतात, कारण तेवढ्या टोकापर्यंत विषाणू सहसा पोचलेला नसतो. म्हणजे देह तोच ठेवून त्याचे भोग मागे टाकण्याची विद्या झाडापुरती माणसाला साधली आहे.

प्राण्यांची गोष्ट अधिक कठीण. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, ती सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील एका पेशीपासून. त्यासाठी २७७ वेळा प्रयत्न करावा लागला, तेव्हा हे एक कोकरू हाती आले. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली 'गरिमा' ही म्हशीची क्लोन पारडी जन्मली. माणसाच्या बाबतीत हा प्रयोग करण्यास आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे आणि ती योग्यच आहे. माणसाच्या संदर्भात हा शब्द रूढ केला तो जे. बी. एस. हॉल्डेन यांनी. हे इंग्रज शास्त्रज्ञ पुढे भारताचे नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. कर्तबगार माणसांच्या प्रती काढाव्यात, त्याही बहुधा पन्नाशी उलटल्यावर, म्हणजे कर्तबगारी पारखून घेता येईल, अशी त्यांची कल्पना होती. यात एक साधी गोष्ट मात्र विसरून चालत नाही. पन्नाशीच्या गवयाची प्रत जन्मेल ती तान्हे बाळ म्हणून. तिला सा लावण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि कदाचित तिला गाण्याची आवडही नसेल. जुळ्या भावंडांच्या आयांना हे कोणी शिकवावे लागत नाही.

देहाचे कलम होते, आठवणीचे होत नाही. नेमक्या याच ठिकाणी विज्ञानकथा पुढे सरसावते, आणि आजकाल ती पुस्तकापेक्षा मुलांच्या संगणकावरील खेळांतून अधिक सांगितली जाते. हे खेळ म्हणजे नुसती धडाधड मारामारी, असा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा समज असतो. काही खेळांमागे मात्र चांगली हजारो पाने भरतील एवढी कथासृष्टी रचलेली असते.

आइसलंडच्या सीसीपी या कंपनीने २००३ साली 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ काढला, तो आजही चालू आहे. त्यातला अवकाशनौकेचा कप्तान द्रवाने भरलेल्या एका कुपीत बसलेला असतो. नौका फुटली आणि पाठोपाठ कुपीही फुटली, की त्याच क्षणी त्याच्या मेंदूचे सर्व चित्र टिपले जाते, प्रकाशाहून वेगाने दूरच्या तळावर धाडले जाते, आणि तेथे तयार ठेवलेल्या क्लोनच्या मेंदूत उतरवले जाते. कप्तान डोळे उघडतो. त्याच्या लेखी तो मेलेलाच नाही. मात्र टिपण्याची क्रिया इतकी दाहक असते की जुना मेंदू त्यात जळून जातो.

ही जळण्याची योजना कथाकाराची चतुराई आहे. मेंदू जळला नसता तर काय झाले असते? कुपीत एक कप्तान आणि तळावर दुसरा. दोघेही शपथेवर सांगतील की खरा मीच. जो जळाला त्याला दुसऱ्याच्या जागे होण्याचा काय उपयोग झाला?

आपल्या परंपरेत परकायाप्रवेशाची कथा आहे. शंकराचार्यांनी अमरूक राजाच्या मृत देहात प्रवेश केला, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी गुहेत राखून ठेवला होता, असे सांगतात. तेथे जीव एकच, तो घर बदलतो. मागचे घर रिकामे असते. गांधारीचे शंभर कुंभ दाखवून आमच्याकडे क्लोन होते असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की मग विकर्णाने भर सभेत दुर्योधनाविरुद्ध तोंड कसे उघडले? एकाच्या दोन प्रती होऊन दोन्ही 'मी'च म्हणू लागाव्यात, ही अडचण नवीन आहे. २०१५ सालच्या 'सोमा' या स्वीडिश खेळात ती उघडीवाघडी मांडली आहे. त्यातला सायमन समुद्रतळाशी आहे. अधिक खोल उतरायचे म्हणून त्याचे मन दुसऱ्या, मजबूत देहात उतरवले जाते. नवा सायमन उठतो, आणि मागच्या खुर्चीतला जुना सायमन विचारतो, अजून काहीच कसे झाले नाही? मग तो गुंगीत जातो. त्याला तसाच सोडायचा की संपवायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. पंधरा-सोळा वर्षांची मुले या ठिकाणी बराच वेळ थांबतात, हे मी पाहिले आहे.

पण माझ्या मते खरा बोचणारा भाग पुन्हा 'ईव्ह'मध्येच आहे, आणि तो पटकन लक्षात येत नाही. कथेनुसार नौकेवर एकटा कप्तान नसतो. मोठ्या नौकांवर हजारो खलाशी असतात. त्यांच्यासाठी तळावर क्लोन ठेवलेला नाही. नौका फुटली की काही जण सुटका-होड्यांतून निसटतात, बाकीचे मरतात, कायमचे. कप्तान तळावर जागा होऊन नवी नौका मागवतो. २०१४ च्या जानेवारीत या खेळात सुमारे एकवीस तास एक लढाई चालली, हजारो खेळाडू तीत उतरले होते. 'टायटन' जातीच्या पंचाहत्तर महाकाय नौका नष्ट झाल्या. वर्तमानपत्रांनी नुकसान खऱ्या पैशांत मोजून सुमारे तीन लाख डॉलर असे छापले. खलाशांचा आकडा कोणी मांडला नाही, कारण खेळात त्याला रकानाच नाही.

अमरत्वातही पायऱ्या होत्या. २०१४ च्या डिसेंबरपर्यंत कप्तानाला आपल्या शिक्षणाच्या मानाने महाग क्लोन आगाऊ विकत घेऊन ठेवावा लागे. जो विसरला, तो जागा होताना शिकलेल्यांपैकी काही विद्या गमावून बसे. लोकांना हा जाच वाटला आणि नियम रद्द झाला. खलाशांसाठी कोणी तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही.

कप्तान मेला की त्याचा जुना देह अवकाशात गोठलेला तरंगत राहतो. त्याच्यावर नाव असते; दुसरा खेळाडू तो उचलून आपल्या गोदामात ठेवू शकतो. असे देह जमवण्याचा काहींना छंद आहे, आणि काही जण जाऊन स्वतःचाच देह उचलून आणतात. खलाशाचा देह नौका फुटल्यावर मागे सापडत नाही.