डेस्कवरून थेट डगआऊट!

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. कॉलेजात सॉलिड बोलिंग टाकायचा, अंडर-सिक्स्टीनच्या संभाव्य खेळाडूंत नाव आलं होतं, आज टीव्हीवर दिसणाऱ्या कुठल्याशा बॅट्समनला नेट्समध्ये दोनदा बोल्ड काढलं होतं... लंच टेबलावर ही स्टोरी आपण किमान दहा वेळा ऐकलेली असते. पुढे काय झालं? पुढे बारावी झाली, सीईटी झाली, कॅम्पस झालं. आता तो आपल्याच फ्लोअरवर कोपऱ्यात बसतो आणि वर्षातून एकदा, कंपनीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये, खांदा दुखावून घेतो.

सौरभ नेत्रावळकरची सुरुवातही डिट्टो अशीच. मुंबईचा मुलगा, डावखुरा फास्ट बोलर. २०१०मध्ये न्यूझीलंडला झालेल्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये तो भारताकडून खेळला. त्या टीममध्ये के. एल. राहुल होता, मयांक अगरवाल होता, जयदेव उनाडकट होता. बाकीचे पुढे गेले. सौरभच्या वाट्याला मुंबईकडून आली एक, फक्त एक, रणजी मॅच. हातात इंजिनीअरिंगची डिग्री होती, वय वाढत होतं. २०१५ साली त्याने कॉर्नेल युनिव्हर्सिटीत कम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन घेतली आणि तो निघून गेला. पुढे ओरॅकलमध्ये नोकरी. आपल्याकडच्या कुठल्याही आईवडिलांना विचारा, 'मुलगा सेटल झाला' म्हणतील!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. ६ जून २०२४ला टी-२० वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, आणि ती सुपर ओव्हर टाकायला बॉल दिला होता या आपल्या इंजिनीअरच्या हातात. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्याच बॉलवर शून्यावर पाठवलं, पाठोपाठ रोहित शर्माला. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी आपापल्या मॅनेजरला ती बातमी फॉरवर्ड केली. टूरवर तो लॅपटॉप घेऊन जातो आणि मॅच झाल्यावर हॉटेलच्या रूममध्ये काम करतो, असं त्याच्या बहिणीनेच मुलाखतीत सांगितलं. आमच्या मॅनेजरने नेमकी तेवढीच लाइन लक्षात ठेवली, ही गोष्ट वेगळी.

पण आज मला सौरभपेक्षा, त्याला ही सेकंड इनिंग ज्या स्टेजवर पक्की करता आली, त्याबद्दल बोलायचंय. मेजर लीग क्रिकेट, म्हणजे अमेरिकेची टी-२० लीग. तिच्या पहिल्याच सीझनमध्ये, २०२३ला, वॉशिंग्टन फ्रीडमकडून खेळताना सौरभने ९ रन्समध्ये ६ विकेट्स काढल्या होत्या. वर्ल्ड कपच्या जवळजवळ वर्षभर आधी. तेव्हा आपल्यापैकी कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

बेसबॉलच्या देशात

अमेरिका आणि क्रिकेट हे काही नवं लफडं नाही. जगातली पहिली इंटरनॅशनल क्रिकेट मॅच इंग्लंड-ऑस्ट्रेलिया नव्हे, तर अमेरिका विरुद्ध कॅनडा. १८४४ साली, न्यूयॉर्कमध्ये. पहिली टेस्ट मॅच व्हायला त्यानंतर तेहतीस वर्षं लागली! मग बेसबॉल आला आणि क्रिकेट अडगळीत गेलं.

मधल्या काळात जे प्रयोग झाले ते आठवले की हसू येतं आणि वाईटही वाटतं. २००४मध्ये 'प्रोक्रिकेट' नावाची लीग निघाली. आठ टीम्स, बेसबॉलची स्टेडियम्स, ट्वेंटी-ट्वेंटी फॉरमॅट. लक्षात घ्या, आयपीएल सुरू व्हायच्या चार वर्षं आधी! एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये सचिन आणि शेन वॉर्न जुन्या स्टार्सना घेऊन न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये तीन मॅचेस खेळून आले. नॉस्टॅल्जियाचा फुल डोस, पण सोमवारी सगळे आपापल्या कामाला.

मग २०२३मध्ये असं काय वेगळं झालं? माझं मत विचाराल तर उत्तर एका शब्दात आहे : ऑफिस. या लीगचे मालक, प्रेक्षक आणि निम्मेअधिक लोकल खेळाडू, तिघंही ऑफिसातूनच आलेत.

मालकांपासून सुरू करू. लीग उभी करणाऱ्या कंपनीचे दोन को-फाउंडर, समीर मेहता आणि विजय श्रीनिवासन, हे 'विलो टीव्ही'वाले. म्हणजे अमेरिकेतल्या देसी घरात ज्या चॅनेलवर रात्री-बेरात्री क्रिकेट लागतं, तो त्यांनीच काढलेला. आपला गिऱ्हाईक कोण, किती वाजता जागा असतो, कशाचे पैसे भरतो, हे त्यांना आधीपासून तोंडपाठ. २०२२च्या मे महिन्यात त्यांनी १२ कोटी डॉलर्सचं फंडिंग जाहीर केलं. पैसे लावणाऱ्यांत मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला आणि अ‍ॅडोबीचे शंतनू नारायण. नाडेलासाहेब हैदराबादच्या शाळेच्या टीममधून खेळलेले आणि क्रिकेटने आपल्याला लीडरशिप शिकवली असं आवर्जून सांगणारे. म्हणजे लंच टेबलावरचा तो आपला दोस्त सीईओ झाला, तर काय करेल? टीम विकत घेईल!

सोबतीला आयपीएलवालेही आले. सहापैकी चार टीम्सचं थेट नातं आयपीएलशी : एमआय न्यूयॉर्क, टेक्सास सुपर किंग्ज, लॉस एंजेलिस नाइट रायडर्स आणि सिअ‍ॅटल ऑर्काज. उरलेल्या दोन, वॉशिंग्टन फ्रीडम आणि सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्स, यांनी सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या क्रिकेट बोर्डांचा हात धरला. २०२३ला एकूण १९ मॅचेस झाल्या, २०२४ला २५, आणि २०२५ला ३४. ग्राफ एकदम अप्रेझलमध्ये दाखवण्यासारखा.

पिवळ्या जर्सीत शुक्रवार संध्याकाळ

२०२४च्या जुलैत मी कामासाठी डॅलसला होतो. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तिथे बरीच वर्षं आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर त्याने मला गाडीत घातलं आणि ग्रँड प्रेअरीला नेलं. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मध्ये असलेलं हे स्टेडियम मूळचं बेसबॉलचं. टीम बंद पडली, मैदान रिकामं पडलं, ते लीगने घेऊन क्रिकेटसाठी बदलून टाकलं. आपल्या वानखेडेच्या मानाने पिटुकलं, सात हजारांच्या आसपास माणसं मावतात. पण भरलं की मजा येते, कारण कुठेही बसलात तरी बाउंड्रीवरच्या फील्डरला हाक मारता येते.

मी गोरे प्रेक्षक मोजायला लागलो आणि लवकरच थांबलो, कारण मोजायला फारसे नव्हतेच. बाकी सगळे आपलेच. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड तसंच राहिलेले, पाठीवर धोनीचं नाव असलेली पिवळी जर्सी चढवलेले. मागच्या रांगेत एक जण हेडफोन लावून चक्क प्रॉडक्शन इश्यू सोडवत होता. सिक्स बसला की म्यूट करायचा, ओरडायचा, अनम्यूट करायचा. दादा म्हणाला, "आमच्याकडे हे नॉर्मल आहे रे."

दादा स्वतः वीकेण्डला क्लब क्रिकेट खेळतो. पार्काच्या मैदानात सिमेंटवर मॅट अंथरायची, स्टम्प्स स्वतः ठोकायचे, स्कोअरिंग आणि अम्पायरिंग आळीपाळीने. सकाळी लवकर निघतो, दुपारी उशिरा घरी येतो, आणि वहिनीचा चेहरा बघून मुकाट्याने भांडी घासायला घेतो. अमेरिकेतल्या असंख्य शहरांत दर वीकेण्डला हेच चालतं. सौरभही याच वाटेने गेला. शुक्रवारी काम संपवून बे एरियातून लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकत जायचं, कारण चांगली टर्फ विकेट तिथे मिळायची. शनिवारी मॅच, परत ड्राइव्ह. हे त्याने मुलाखतींत सांगितलंय. लीग आली तेव्हा तिला लोकल खेळाडू मिळाले, ते या गाड्या हाकणाऱ्यांमुळे.

आपल्याकडे ऑफिस आणि क्रिकेटचं जुनं नातं आहे, पण बरोब्बर उलटं. मुंबईत टाइम्स शील्ड ही खास ऑफिसांची स्पर्धा. बँका आणि कंपन्या त्यासाठी खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. तुम्ही खेळायचात म्हणून तुम्हाला नोकरी मिळायची. अमेरिकेत नोकरी आहे म्हणून व्हिसा, व्हिसा आहे म्हणून तुम्ही तिथे, आणि तिथे आहात म्हणून खेळू शकता. रजा संपली की खेळ संपला!

पुढे काय, बॉस?

आता जरा कडू डोस. ही लीग महिनाभराची. तो महिना निकोलस पूरन, फाफ डुप्लेसी, ग्लेन मॅक्सवेल यांच्याबरोबर ड्रेसिंगरूममध्ये काढायचा. उरलेले अकरा महिने लोकल खेळाडूने करायचं काय? मोठ्या स्टार्सना जगभर लीग्ज आहेत. लोकल पोराला आहे मायनर लीग, कोचिंग, नाहीतर स्टँड-अप मीटिंग.

बरं, लीगलाही अजून धड घर नाही. एमआय न्यूयॉर्कने पहिल्या तीन सीझनमध्ये दोनदा ट्रॉफी जिंकली, पण न्यूयॉर्कमध्ये एकही मॅच खेळली नाही. लॉस एंजेलिस, सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन, सगळ्यांची तीच गत. आपल्याच शहराचं नाव छातीवर लावून टेक्सासमध्ये, नॉर्थ कॅरोलिनात किंवा फ्लोरिडात खेळायचं. म्हणजे पर्मनंट ऑनसाइट! २०२४च्या वर्ल्ड कपसाठी न्यूयॉर्कजवळ ३४ हजारांचं स्टेडियम उभं राहिलं होतं, खेळपट्ट्या फ्लोरिडात तयार करून ट्रकवर लादून आणल्या होत्या. स्पर्धा संपताच स्टेडियम उकलून ठेवलं. २०२५ला ओकलंडच्या जुन्या कोलिझियममध्ये मॅचेस झाल्या, तेव्हा कुठे सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांना घराजवळ खेळता आलं. त्या आनंदात फिन अ‍ॅलनने ५१ बॉलमध्ये १५१ ठोकले, त्यात १९ सिक्स, टी-२०च्या एका इनिंगमधला वर्ल्ड रेकॉर्ड.

त्यातून तिथल्या बोर्डाचा घोळ. २०२५च्या ऑगस्टमध्ये यूएसए क्रिकेटने लीगच्या कंपनीशी असलेला करार मोडला, सप्टेंबरमध्ये आयसीसीने बोर्डालाच सस्पेंड केलं, ऑक्टोबरमध्ये बोर्ड दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात. आणि हे सगळं कधी, तर २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येणार हे ठरलेलं असताना. तो निर्णय २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईतच झाला होता. शतकानंतर ऑलिम्पिकचं दार उघडलं आणि घरातले किल्लीवरून भांडतायत.

तरीही मला ही लीग टिकेलसं वाटतं. त्याचं कारण नाडेलांचे डॉलर्स नाहीत, तर १३ जुलै २०२५ची फायनल. मी ती इथे पुण्यात पहाटे उठून बघितली. तिकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपले सकाळचे सहा, कंपनीची बस यायच्या आत बरंच बघून होतं. वॉशिंग्टनला शेवटच्या ओव्हरमध्ये १२ हव्या होत्या, क्रीझवर ग्लेन मॅक्सवेल आणि ग्लेन फिलिप्स. अशा वेळी कॅप्टन सहसा फॉरिनर बोलरकडे बघतो. पूरनने बॉल दिला रुशिल उगरकरला. बाविशीतला लोकल पोरगा. त्याने मॅक्सवेलची विकेट काढली, फक्त सहा रन्स दिल्या, आणि एमआय न्यूयॉर्क पाच रन्सनी चॅम्पियन. लीगने पोसलेला लोकल पोरगा शेवटच्या ओव्हरला मॅक्सवेलसमोर उभा राहतो, तेव्हा त्या १२ कोटी डॉलर्सचा थोडा हिशेब लागतो.

त्या संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा मुलगा, वय वर्षं अकरा, शनिवारी बेसबॉल खेळतो आणि रविवारी बापाबरोबर क्रिकेट. बाउंड्रीवरून थ्रो असा मारतो की दादाच्या क्लबचे काका लोक बघत राहतात, मात्र सिक्सला अजून 'होम रन' म्हणतो. फायनल त्यानेही बघितली होती. बराच वेळ शेवटच्या ओव्हरबद्दल बडबड झाल्यावर त्याने त्याच्या तुटक्या मराठीत मला विचारलं, "काका, क्रिकेटर व्हायला आधी इंजिनीअर व्हावं लागतं?"

म्हटलं, सध्या तरी झालेलं बरं.