शाळा ‘डिजिटल’ झाली, पुढे काय?

“आमच्या मुलाची शाळा पूर्ण डिजिटल आहे.” प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ऐकणाराही मान डोलावतो. गावोगावी लोकवर्गणीतून एलईडी टीव्ही येतात, फीत कापली जाते, गुणवत्ता वाढल्याचं जाहीर होतं. यंत्र आलं की शिक्षण सुधारलं, हा गैरसमज काही केल्या जात नाही.

पेरू देशाने शाळकरी मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास केला. २०१२ साली निष्कर्ष आला : गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काहीही फरक नाही. 

मग संगणक निरुपयोगी? तेही खोटं. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीची मुलं आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकावर दोघं बसून गणिताचे खेळ खेळली. त्यांचं गणित ठळकपणे सुधारलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलाची पातळी पाहून उदाहरणं सोपी-अवघड होत होती, ही त्यातली खरी गोष्ट. गुजरातमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात असा कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर चालवला तेव्हा मुलांना फायदा झाला. शिक्षकांचा तास काढून घेऊन तो चालवला, तेव्हा मुलं मागे पडली! 

आपल्याकडे काय होतं? वजाबाकीचा व्हिडिओ लागतो, मुलं एका सुरात उत्तर म्हणतात, तास संपतो. मागे बसलेल्या मुलीला हातचा का घ्यायचा ते कळलं की नाही, हे टीव्हीला कळत नाही. ते शिक्षकालाच कळतं, आणि त्यासाठी त्याला वर्गात वेळ मिळावा लागतो.

‘संगणकाला इंग्रजी लागतं’ हा समज तर आता सोडाच. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो. ‘मुलांना मोबाइल येतो म्हणजे संगणक येतो’ हेही चूक : रील सरकवणं वेगळं, तक्ता करून त्यात बेरजेचं सूत्र घालणं वेगळं.

पालकांनो, शाळेत स्मार्ट बोर्ड किती आहेत हे विचारून थांबू नका. गेल्या आठवड्यात आपल्या मुलाने त्यावर स्वतः काय केलं आणि चुकलं तेव्हा त्याच्याशी कोण बोललं, हे नक्की विचारा.